किल्लारीचा ठिपका लडाखात का जातो? जगाच्या नकाशाचं प्रक्षेपण बदलताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

सप्टेंबर लागला की मला चार-पाच फोन ठरलेले असतात. ३० सप्टेंबरला आमच्या लातूर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण निघते आणि भूगोलाचे कुणीतरी सर किंवा मॅडम मुलांकडून जगातल्या मोठ्या भूकंपांचा नकाशा करून घेत असतात. इंटरनेटवरून जगाचा नकाशा उतरवून घेतला, ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढले, ठिपके दिले आणि ठिपके भलतीकडेच पडले. किंवा एक नकाशा गोलसर कडांचा आणि दुसरा चौकोनी होता म्हणून एकाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, बदलून घेतलं, आणि आता दोन्हींचे किनारे एकमेकांवर बसत नाहीत. "सर, सॉफ्टवेअरच बिघडलंय बहुतेक," असं फोनवर हमखास ऐकायला मिळतं.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. हातात असलेलं चित्र मुळात कोणत्या प्रक्षेपणात आहे, हा प्रश्न न विचारताच काम सुरू झालेलं असतं. जेपीजी किंवा पीएनजी चित्राला स्वतःचं प्रक्षेपण माहीत नसतं, ते फक्त रंगीत ठिपक्यांच्या ओळी असतं. ते आपण सांगावं लागतं, आणि आपण चुकीचं सांगितलं तर जगातलं कोणतंही साधन बरोबर रूपांतर करून देत नाही.

मी हे शाळेच्या भिंतीवर शिकलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वर्गाबाहेरच्या लांब भिंतीवर जगाचा नकाशा काढायचं ठरलं होतं. मी एक चौरस नकाशा उतरवून घेतला, २००० गुणिले २००० पिक्सेलचा, स्वच्छ, नावं नसलेला. मुलांना सांगितलं, रुंदीचे ३६० भाग करा, उंचीचे १८०, प्रत्येक भाग म्हणजे एक अंश. नववीच्या मुलांनी वहीत हिशेब मांडला. किल्लारी १८.०७ उत्तर, ७६.६२ पूर्व. वरून ९० वजा १८.०७, गुणिले ११.११, म्हणजे ७९९ वी ओळ. तिथे ठिपका दिला. एक मुलगी नकाशाजवळ गेली आणि म्हणाली, "सर, किल्लारीचा ठिपका काश्मिराकडं कामून गेलाय?"

ती बरोबर बोलत होती. ठिपका ३४ अंश उत्तरेला, कारगिलच्या थोडा दक्षिणेला, लडाखात पडला होता. ज्या गावाच्या आठवणीसाठी भिंत रंगवत होतो, तेच गाव सोळा अंश वर सरकलं होतं. मग बाकीचे ठिपके पाहिले. १९६४ च्या अलास्का भूकंपाचा ठिपका आर्क्टिक महासागरात. १९६० च्या चिलीच्या भूकंपाचा ठिपका दक्षिण अमेरिकेचं टोक सोडून खाली समुद्रात. २०११ च्या जपानच्या भूकंपाचा ठिपका सैबेरियाच्या ओखोत्स्क किनाऱ्यापाशी. २००४ च्या सुमात्रा भूकंपाचा ठिपका मात्र फक्त तीनेक अंश हलला होता. विषुववृत्ताजवळ चूक जवळजवळ नाही आणि ध्रुवांकडे जाल तसतशी वाढत जाते, असा तो नमुना होता. तो नमुना ओळखता आला की अर्धं काम झालं.

तो नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा होता. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये हे प्रक्षेपण दर्यावर्दींसाठी बांधलं, कारण त्यावर होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास सरळ रेषेत दिसतो. त्या सोयीसाठी अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढवत न्यावं लागतं. ६० अंशांवर प्रत्येक अंतर दुपटीने ताणलं जातं आणि क्षेत्रफळ चौपट होतं. ९० अंशांपर्यंत गेलं तर नकाशा अनंत उंच होईल, म्हणून इंटरनेटवरचे नकाशे तो ८५.०५ अंशांवर कापतात. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: तिथे कापलं की उंची आणि रुंदी बरोबर सारखी होते आणि जग चौरसात बसतं. मुलांना मी ९० अंशांपर्यंत सारखे भाग पाडायला सांगितले, तिथेच चुकलं. किल्लारीची खरी जागा ८९८ व्या ओळीवर होती, आम्ही ७९९ वर गेलो.

ठिपका कुठे पडला, यावरून रोग ओळखा

तेव्हापासून माझ्याकडे कुणी बिघडलेला नकाशा आणला की मी पहिल्यांदा किल्लारीचा ठिपका टाकून बघतो. तुम्ही तुमच्या गावाचा टाका. एकच ओळखीचा बिंदू पुष्कळ काही सांगून जातो.

ठिपका लडाखात गेला, तर चित्र मर्केटर आहे आणि तुम्ही ते साधं सम-अंतराचं, म्हणजे सगळी अक्षवृत्तं सारख्या अंतरावर असलेलं, समजलात. याच्या उलट बाजूनेही हा प्रकार दिसतो: मर्केटर चित्रावर चुकीची ओळख लावून ते दुसऱ्या प्रक्षेपणात नेलं, तर चित्रातला लातूरचा भाग खाली घसरून केरळात, कोट्टायमच्या अक्षांशाला जाऊन बसतो, आणि ऑस्लो अथेन्सच्या बरोबरीला येतं.

ठिपका उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिण टोकापाशी समुद्रात पडला, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. १८ पूर्व, ७६ उत्तर म्हणजे तीच जागा. आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो, सॉफ्टवेअरला बहुतेक ठिकाणी आडवा आकडा, म्हणजे रेखांश, आधी लागतो. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

ठिपका मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ दिसला, तर चित्राची डावी कड १८० पश्चिमेला नसून शून्य रेखांशावर आहे. समुद्राच्या तापमानाची आणि हवामानाची पुष्कळ चित्रं शून्य ते ३६० अशी मांडलेली असतात.

ठिपका हिंदी महासागरात, मादागास्करच्या बराच पूर्वेला पडला, तर उभ्या दिशेचं चिन्ह उलटं झालंय. चित्रात ओळी वरून खाली मोजतात, अक्षांश खालून वर वाढतो. ऋण चिन्ह विसरलं की उत्तरेचं दक्षिणेला जातं.

आणि सगळंच जग आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, एका टिंबाएवढं गोळा झालं असेल, तर अंश हे मीटर म्हणून वाचले गेलेत. ३६० अंश रुंद जग ३६० मीटर रुंद झालंय. याचं कारण पुढे सांगतो.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र रॉबिन्सनचा. कडा गोलसर, ध्रुव सपाट रेघेसारखे, दिसायला सुंदर. आर्थर रॉबिन्सन यांनी १९६३ मध्ये हे प्रक्षेपण तयार केलं. असं चित्र साधं समजून ठिपका टाकला, तर किल्लारी फक्त दोनेक अंश खाली, रायचूरच्या आसपास जाते. जगाच्या नकाशावर दोनशे किलोमीटर म्हणजे चार बोटंही नाहीत. वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही आणि नकाशा बरोबर समजून भिंतीवर चढतो. आपला मराठवाडा विषुववृत्तापासून फार दूर नाही, म्हणून आपल्या गावाच्या ठिपक्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. एक बिंदू उंच अक्षांशावरचा, शक्यतो पश्चिम गोलार्धातला घ्या. मी अलास्का घेतो: ६१ उत्तर, १४७.५ पश्चिम. रॉबिन्सन चित्रावर साध्या हिशेबाने तो बेरिंगच्या समुद्रात जाऊन पडतो आणि चूक लपत नाही. तिसरा बिंदू चिलीचा, ३८ दक्षिण, ७३.४ पश्चिम. या तीन ठिपक्यांतून सुटलेली चूक माझ्या पाहण्यात नाही.

ठिपके टाकण्याआधी एक बारकी गोष्ट तपासा. पुस्तकात १८ अंश ४ मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि मुलं वहीत १८.०४ लिहितात. ४ मिनिटं म्हणजे ०.०७ अंश, म्हणून १८.०७. रेखांश ७६ अंश ३७ मिनिटं, तो ७६.३७ लिहिला तर गाव सव्वीस किलोमीटर पश्चिमेला गेलं. जगाच्या नकाशावर हे खपतं, जिल्ह्याच्या नकाशावर खपत नाही. आणि तक्त्यात आकडे मराठी अंकांत टाइप केले असतील तर सॉफ्टवेअर ते आकडे न धरता अक्षरं धरतं आणि एकही ठिपका दिसत नाही. तक्ता भरताना कीबोर्ड इंग्रजी अंकांवर ठेवा.

पट्टी घेऊन ओळख पटवा

चित्रासोबत प्रक्षेपणाचं नाव दिलेलं असेल तर प्रश्नच नाही. बहुतेक वेळा नसतं. मग आधी बाहेरची कड बघा. कड लंबवर्तुळासारखी असेल आणि रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असेल, तर मोल्वाइड. कडा फुगीर पण वर-खाली सपाट रेघ आणि रुंदी उंचीच्या १.९७ पट, तर रॉबिन्सन. तशाच सपाट ध्रुवांचा पण अक्षवृत्तं किंचित वाकलेली आणि रुंदी १.६४ पट, तर विंकेल ट्रिपेल. पण ही मापं काढताना चौकट, शीर्षक, सूची, पांढरी कोर सगळं कापून टाका. नकाशाच्या कडेपासून मोजा, कागदाच्या कडेपासून नाही.

कड आयताकृती असेल तर फसगत होते, कारण आयतात बसणारी प्रक्षेपणं पुष्कळ आहेत, आणि कुणीतरी चित्र आधीच ताणलेलं असू शकतं. तिथे रुंदी-उंचीवर विश्वास ठेवू नका. पट्टी घ्या. तीन ठिकाणं शोधा जी नावं नसलेल्या नकाशावरही दिसतात: पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचा उत्तर काठ, जिथून विषुववृत्त जातं, सुएझच्या आखाताचं वरचं टोक, जे ३० अंशांवर आहे, आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक, जवळजवळ ६० अंशांवर. विषुववृत्तापासून ६० पर्यंतचं उभं अंतर भागिले विषुववृत्तापासून ३० पर्यंतचं उभं अंतर. उत्तर २ आलं तर अक्षवृत्तं सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे साधं सम-अंतर दंडगोल प्रक्षेपण. २.४ आलं तर मर्केटर. २.२ आलं तर मिलर, जे मर्केटरचाच सौम्य भाऊ आहे. १.७३ आलं तर गॉल-पीटर्ससारखं समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण खरं राखणारं, दंडगोल. हे गुणोत्तर मला फार आवडतं, कारण चित्र उभं किंवा आडवं कितीही सारखं ताणलं तरी ते बदलत नाही. अकरावीच्या प्रात्यक्षिकात मुलांनी मोबाइलच्या पडद्यावर पट्टी ठेवून हे मोजलं आणि सहा नकाशांपैकी सहा बरोबर ओळखले.

चित्र संपादकात ताणू नका

आमच्या भिंतीची लांबी दहा फूट आणि उंची पाच. पेंटरकाका चौरस नकाशा पाहून म्हणाले, "सर, भिंत लांब हाय अन् नकाशा चौकोनी. वढून बसवू का?" त्यांचा प्रश्न साधा होता आणि बहुतेक जण हेच करतात. चौरस मर्केटर आडवा ओढून दोनास एक केला की तो सम-अंतर नकाशासारखा दिसतो. पण ओढताना प्रत्येक ओळ सारखीच ओढली जाते आणि मर्केटरमधल्या प्रत्येक ओळीची उंची वेगळी आहे. प्रक्षेपण बदलायचं तर प्रत्येक ओळ तिच्या अक्षांशाप्रमाणे वेगळी हलवावी लागते. ते काम हाताने ओढून होत नाही.

संपादकात करता येण्यासारखं एकच काम आहे, तेही फक्त आयताकृती दंडगोल नकाशावर: मध्य रेखांश सरकवणं. ३६०० गुणिले १८०० चं सम-अंतर चित्र असेल तर एका अंशाला दहा पिक्सेल. मराठवाडा मधोमध हवा असेल तर डावीकडची ७६० पिक्सेलची पट्टी कापून उजव्या कडेला चिकटवा. मध्यभागी ७६ पूर्व येतो. पट्टी पिक्सेलला पिक्सेल जुळली पाहिजे, एक रेघही मधे राहता कामा नये.

खरं रूपांतर

मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, शाळेच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात दोन आज्ञा आहेत आणि त्यांची गल्लत म्हणजेच या सगळ्या दुखण्याचं मूळ. एक 'असाइन प्रोजेक्शन'. ती चित्राला सांगते, तू अमुक प्रक्षेपणात आहेस. पिक्सेल एकही हलत नाही. दुसरी 'वॉर्प', म्हणजे 'रिप्रोजेक्ट'. ती पिक्सेल खरोखर हलवते. पहिली आज्ञा आहे त्या प्रक्षेपणाचं नाव देण्यासाठी, दुसरी हवं त्या प्रक्षेपणात नेण्यासाठी. लोक 'असाइन' मध्ये हवं ते प्रक्षेपण निवडतात, आणि गिनीच्या आखातातलं ते टिंबभर जग यातूनच येतं: चित्र अंशांमध्ये आहे आणि त्याला सांगितलंय की तू मीटरमध्ये आहेस.

नाव देण्याआधी चित्राला जागा द्यावी लागते. त्यासाठी चित्राच्याच नावाची एक छोटी मजकूर फाइल बनवायची, जेपीजी चित्र असेल तर तिचा शेवट जेजीडब्ल्यू, पीएनजी असेल तर पीजीडब्ल्यू. तिच्यात सहा ओळी असतात, बस. ३६०० गुणिले १८०० च्या सम-अंतर चित्रासाठी त्या अशा:

०.१
०
०
-०.१
-१७९.९५
८९.९५

पहिली ओळ पिक्सेलची रुंदी, चौथी उंची आणि तिच्यापुढचं ऋण चिन्ह म्हणजेच वर सांगितलेलं ते विसरलं जाणारं चिन्ह. शेवटच्या दोन ओळी डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याची जागा सांगतात, कोपऱ्याची नाही, म्हणून १८० न लिहिता अर्ध्या पिक्सेलने आत १७९.९५. फाइलमध्ये अंक इंग्रजीच टाका. याचं प्रक्षेपण म्हणून ईपीएसजी ४३२६ द्या (सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रक्षेपणाला असा ठरलेला क्रमांक असतो).

चौरस वेब मर्केटर (इंटरनेटवरचं, ८५.०५ अंशांवर कापलेलं मर्केटर) चित्राला ईपीएसजी ३८५७ द्यायचं आणि मापं मीटरमध्ये. २००० पिक्सेलच्या चित्राला पिक्सेल २००३७.५०८ मीटरचा, आणि शेवटच्या दोन ओळी -२००२७४८९.५९ व २००२७४८९.५९. इथे अंश लिहिले की पुन्हा तेच टिंब. रॉबिन्सन चित्र असेल तर ईएसआरआय ५४०३०. मध्यापासून उजव्या कडेपर्यंत १,७०,०५,८३३ मीटर, वरच्या कडेपर्यंत ८६,२५,१५४ मीटर (फाइलमध्ये स्वल्पविराम नकोत). ही मापं मध्यापासूनची आहेत, म्हणून त्यांना तुमच्या रुंदीच्या आणि उंचीच्या निम्म्या पिक्सेलच्या संख्येने भागा, आणि लक्षात ठेवा, चित्र नकाशाच्या फुगीर कडेपर्यंत घट्ट कापलेलं असलं पाहिजे. कडेला वीस पिक्सेलची पांढरी कोर राहिली तर सगळं जग तेवढं आत सरकतं.

मग चित्रावर किनाऱ्यांच्या रेषांचा एखादा खात्रीचा थर टाकून बघा. नॅचरल अर्थ या संकेतस्थळावरचा फुकट मिळतो. किनारे अलास्कापासून चिलीपर्यंत बसले, तरच 'वॉर्प' कडे जा. बसले नाहीत तर ओळख चुकली आहे, मागे फिरा. इथे काही जण क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सर या साधनात पंचवीस-तीस बिंदू टोचून चित्र बळजबरीने बसवतात. मला ते पटत नाही. टोचलेल्या बिंदूंवर किनारे जुळलेले दिसतात, दोन बिंदूंच्या मधे काय झालंय ते कळत नाही, आणि खरा रोग झाकला जातो. जगाच्या पूर्ण नकाशाला बिंदू टोचायची गरजच नाही. नकाशाचा कापलेला तुकडा किंवा पडद्यावरून घेतलेलं चित्र असेल तरच तो मार्ग, आणि तेव्हाही लक्ष्य प्रक्षेपण चित्राचंच ठेवा.

ज्यांना एवढं नको असेल त्यांच्यासाठी नासाची जी-प्रोजेक्टर ही आज्ञावली आहे. तिला सम-अंतर आयताकृती जग दिलं की शंभराहून जास्त प्रक्षेपणांत तयार चित्र मिळतं. नासाची ब्लू मार्बल चित्रं सम-अंतरच असतात, त्यामुळे ही जोडी छान जमते. मर्केटर चित्र तिला सम-अंतर म्हणून देऊ नका, नाहीतर पुन्हा केरळ.

उरलेल्या कुरबुरी

रूपांतर झालं आणि कोपरे काळे आले: जेपीजीत पारदर्शकता नसते. निकाल पीएनजी किंवा टिफमध्ये घ्या.

मर्केटरवरून दुसरीकडे नेलं आणि वर-खाली रिकामे पट्टे आले: ८५.०५ अंशांच्या पलीकडचं जग त्या चित्रात नव्हतंच. उपाय नाही, अंटार्क्टिका पूर्ण हवी असेल तर मूळ चित्र दुसरं घ्या. उलट दिशेला, सम-अंतरावरून मर्केटरकडे जाताना, आधी चित्र ८५ अंशांपर्यंत छाटा. ध्रुवाच्या ओळीला मर्केटरमध्ये जागाच नाही आणि साधन तिथेच अडकतं.

मध्य रेखांश बदलल्यावर नकाशाच्या पोटातून एक बारीक उभी रेघ गेली: ती १८० रेखांशाची शिवण. आधी वर सांगितल्याप्रमाणे पट्टी कापून चिकटवा, मग रूपांतर करा.

रंग बदलले: हवामान-प्रदेश किंवा मृदेचा नकाशा असेल, जिथे प्रत्येक रंगाला अर्थ आहे, तिथे पुनर्नमुन्याची (रीसॅम्पलिंगची) पद्धत 'नियरेस्ट नेबर' ठेवा. दुसऱ्या पद्धती शेजारचे रंग मिसळतात आणि वाळवंट व गवताळ प्रदेश यांच्यामध्ये सूचीत नसलेला तिसरा रंग उगवतो. उपग्रहाच्या फोटोला मात्र 'क्युबिक' चांगली.

अक्षरं वाकडी झाली: नावं असलेलं चित्र रूपांतरासाठी घेऊच नका. कोरा नकाशा बदला, नावं नंतर मराठीत टाका. भारताची सीमाही नंतर, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे टाका. बाहेरच्या पुष्कळ चित्रांमध्ये ती वेगळी दाखवलेली असते आणि शाळेच्या भिंतीवर तसा नकाशा असणं योग्य नाही.

आणखी एक प्रश्न येतो, जुन्या सर्वेक्षणाचं एव्हरेस्टचं गोलाभ आणि आजचं डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे पृथ्वीच्या आकाराची जुनी आणि नवी मापं, यांचा फरक धरायचा का? जगाच्या नकाशावर नाही. ३६०० पिक्सेलच्या चित्रात एक पिक्सेल विषुववृत्तावर अकरा किलोमीटरचा असतो, तो फरक त्यात दिसतही नाही.

चित्राचा आकार. दहा फूट रुंद छपाई ७२ पिक्सेल प्रति इंच धरली तर ८६४० पिक्सेल रुंदी लागते. ब्लू मार्बलचं २१६०० गुणिले १०८०० चं चित्र त्याला पुरून उरतं, पण उघडल्यावर ते सत्तर कोटी बाइट जागा घेतं आणि चार जीबीचा लॅपटॉप तिथेच थांबतो. आमच्याकडे वर दुपारची लाइट जाते ते वेगळंच. सगळी तपासणी ३६०० च्या छोट्या चित्रावर करा, तीन ठिपके टाका, खात्री झाली की त्याच मापांनी मोठं चित्र एकदाच चालवा.

कोणतं प्रक्षेपण निवडायचं हे कामावर ठरतं, तरी वर्गाच्या भिंतीवर मी मर्केटर लावणार नाही. त्यावर ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. खरं क्षेत्रफळ ग्रीनलंडचं सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचं ३२.९ लाख. लहानपणी डोळ्यांत बसलेलं चित्र मोठेपणीही निघत नाही. आम्ही भिंतीसाठी २०१८ मध्ये आलेलं इक्वल अर्थ प्रक्षेपण घेतलं. ते समक्षेत्र आहे, रुंदी उंचीच्या दुपटीहून किंचित जास्त, म्हणून दहा बाय पाचच्या भिंतीवर न ओढता बसलं. वर-खाली जेमतेम बोटभर जागा उरली.

पेंटरकाकांनी दोरीने चौकटी आखल्या, मुलांनी छापील कागदावरून एकेक चौकट वाचून सांगितली. ठिपके देण्याच्या दिवशी मी किल्लारीआधी अलास्काचा ठिपका द्यायला लावला. तो अँकरेजच्या पूर्वेला, प्रिन्स विल्यम साउंडच्या काठावर बरोबर बसला. मग त्याच मुलीने ब्रश घेतला आणि ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, असं लिहून त्याखाली लाल ठिपका दिला.